मारामारोश : चार रकान्यांचा जिल्हा

३१ डिसेंबर १९१० ही तारीख धरून हंगेरीच्या राज्यात शिरगणती झाली. राज्याच्या ईशान्य टोकाला, कार्पेथियन डोंगरांत, मारामारोश नावाचा जिल्हा होता. मराठी कानाला या नावात मारामारी ऐकू येते, त्याला इलाज नाही. जिल्ह्यात ३,५७,७०५ माणसं भरली. मातृभाषेच्या तक्त्यात त्यांची वाटणी अशी : रुथेनियन (युक्रेनियनांच्या जवळचे स्लाव्ह) १,५९,४८९, रोमानियन ८४,५१०, जर्मन ५९,५५२, हंगेरियन ५२,९६४. चारही आकडे एकाखाली एक मांडून बेरीज करा, उरतात जेमतेम १,१९० माणसं. सगळा जिल्हा चार रकान्यांत बसला.

तक्ता देखणा आहे, पण तिसरा आकडा डोळ्यांत खुपतो. डोंगराच्या या कोपऱ्यात साठ हजार जर्मन आले कुठून? खरे जर्मन होते, नाही असं नाही. १७७५ च्या सुमारास ऑस्ट्रियातून लाकूडतोड्यांची कुटुंबं आणून सरकारने मोक्रा नदीच्या खोऱ्यात वसवली होती. विशो नदीवरच्या फेल्शोविशो गावात स्वतःला त्सिप्सर म्हणवणारे जर्मन होते, त्यांची वसाहतही जंगलाच्या कामावरच उभी. पण हे सगळे मिळून काही हजार भरतील. बाकीचे बहुतेक ‘जर्मन’ म्हणजे यिदिश बोलणारे ज्यू.

त्याच शिरगणतीतला धर्माचा तक्ता काढला की हे उघड होतं. तिथे ज्यू आहेत, पासष्ट हजारांच्या वर, म्हणजे शेकडा १८. एका पानावर जिल्ह्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा असलेली माणसं दुसऱ्या पानावर नाहीशी होतात. मारामारोशचं प्रकरण मला बघायचं आहे ते याच कारणासाठी. तिथला कारभार कोणाच्या हातात होता आणि तिथली वस्ती कोणाची होती हे दोन प्रश्न सहसा वेगवेगळे मांडतात. इथे ते एकमेकांत इतके गुंतलेत की एक सोडवताना दुसरा हाती येतो.

आधी जागा समजून घेऊ. सुमारे ९,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या साताऱ्याहून थोडा लहान. बहुतेक भाग जंगल आणि कुरणं. मधून तिसा नदी वाहते आणि तिला दोन्ही बाजूंनी उपनद्या मिळतात : उत्तरेकडून तारात्स, तालाबोर, नाज्याग, दक्षिणेकडून विशो आणि इझा. वस्ती या खोऱ्यांतून पसरलेली. ढोबळमानाने उत्तरेच्या खोऱ्यांत रुथेनियन, दक्षिणेच्या खोऱ्यांत रोमानियन. या दोघांचा पंथ मात्र एक, ग्रीक कॅथलिक : पूजाविधी पूर्वेकडचे, निष्ठा रोमच्या पोपवर. तिसाकाठी पाच जुनी ‘राजनगरं’ : सिगेत, होस्सूमेझ्यो, त्येचो, विश्क आणि हुस्त. यांतल्या चौघांना राजा कारोय रॉबर्टने १३२९ साली सनद दिली, सिगेतला ती नंतर मिळाली. हंगेरियन वस्ती मुख्यतः या पाच गावांत आणि मिठाच्या खाणींभोवती. मीठ ही सरकारी मक्तेदारी होती. खाणीतून काढायचं, तराफ्यांवर चढवायचं, तिसातून खाली सपाटीला सोडायचं. जिल्ह्यातली बरीच जंगलंही सरकारी खजिन्याच्याच मालकीची. थोडक्यात, डोंगरातल्या माणसाला सरकार भेटायचं ते फॉरेस्टच्या आणि मिठाच्या साहेबाच्या रूपात, आणि तो साहेब हंगेरियन बोलायचा.

ज्यूंची वस्ती पाच नगरांत होती तशी खेड्यापाड्यांतही. आणि मध्य युरोपात इतरत्र क्वचित दिसेल अशी गोष्ट इथे होती : ज्यू शेती करायचे, मेंढरं पाळायचे, ओंडके वाहायचे. बहुतेक डोंगरापलीकडच्या गॅलिशिया प्रांतातून खिंडी ओलांडून आलेले, हसिदी या भक्तिमार्गी ज्यू पंथाचे आणि गरीब.

आता कारभार. हंगेरियनमध्ये जिल्ह्याला वारमेद्ये म्हणत. ही मध्ययुगापासून चालत आलेली संस्था. १८६७ च्या समझोत्यानंतर हाब्सबुर्ग साम्राज्याचे दोन भाग झाले. एकच माणूस ऑस्ट्रियात सम्राट आणि हंगेरीत राजा. हंगेरीच्या भागात वारमेद्ये शाबूत राहिली. तिच्या शिरोभागी फोइश्पान. त्याला राजा नेमायचा, म्हणजे खरं तर बुडापेस्टचं गृहखातं. रोजचा कारभार बघणारा अलिश्पान मात्र जिल्ह्याच्या सभेने निवडलेला. त्याच्याखाली तालुके, म्हणजे याराश. मारामारोशात ते दहा होते : सिगेत, हुस्त, त्येचो, तारात्स, तिसाखोरं, विशो, इझाखोरं, शुगाताग, दोल्हा आणि ओकोरमेझ्यो. तालुक्यावर सोल्गाबीरो. आपला मामलेदार डोळ्यांपुढे आणा, फक्त हाही सभेने निवडलेला. सर्वांत खाली, एकेका किंवा दोन-चार गावांना मिळून, एक नोटरी. जन्म-मृत्यूच्या नोंदी, कराचं खातं, सैन्यभरतीची यादी, अर्ज लिहून देणं, सगळं याच्याकडे.

निवडलेले अधिकारी म्हटलं की लोकशाहीचा भास होतो. तो १८७० च्या कायद्यापाशी संपतो. जिल्हासभेच्या निम्म्या जागा मतदारांनी निवडायच्या. उरलेल्या निम्म्या जागा कोणी निवडायच्या नव्हत्या : जिल्ह्यात सर्वांत जास्त प्रत्यक्ष कर भरणाऱ्यांची यादी करायची आणि वरून मोजत यायचं. यांना विरिलिस्ट म्हणत. वकील, डॉक्टर असे पदवीधर असतील तर त्यांचा कर दुप्पट धरायचा. म्हणजे जंगलात ओंडके ओढणाऱ्या माणसाच्या जिल्ह्यात निम्मी सभा कराच्या पावत्यांवर भरायची. उरलेल्या निम्म्यासाठी मत देणारेही थोडेच, कारण मताधिकार मालमत्ता, उत्पन्न आणि शिक्षणाशी बांधलेला. दर सहा वर्षांनी अधिकाऱ्यांची निवडणूक व्हायची, पण उमेदवारांची नावं ठरवणाऱ्या समितीच्या अध्यक्षस्थानी फोइश्पानच. बुडापेस्टला नको असलेला माणूस त्या चाळणीतून खाली पडणं अवघडच.

भाषेचा कायदा याहून मजेदार. १८६८ चा राष्ट्रीयत्व कायदा कागदावर उदार होता. राज्यभाषा हंगेरियन, सभेची इतिवृत्तं हंगेरियनमध्ये. पण सभेच्या किमान एक पंचमांश सभासदांनी मागणी केली तर ती त्यांच्या भाषेतही ठेवायची. शेकडा ४५ रुथेनियन असलेल्या जिल्ह्यात एक पंचमांश म्हणजे किरकोळ अट वाटते. पण मागणी सभासदांनी करायची होती, जिल्ह्याने नव्हे. सभासद व्हायला आधी कर किंवा मत हवं. शिवाय शिकलेला रुथेनियन म्हणजे बहुधा गावचा पाद्री, आणि त्याची मुलं हंगेरियन शाळेतून शिकून बाहेर पडलेली. कायदा मोडायची गरजच पडली नाही. तो पुस्तकात होता तिथेच राहिला.

रोमानियनांचं थोडं वेगळं. त्यांच्यात जुने खानदानी लोक होते. चौदाव्या शतकात याच खोऱ्यांतला बोगदान डोंगर ओलांडून गेला आणि मोल्दाव्हियाचा राजा झाला. मागे राहिलेल्यांकडे जमीन थोडी, पण राजाच्या सनदा होत्या. पायात शेतकऱ्याच्या चामडी चपला आणि पेटीत उमरावकीचा कागद, अशा लोकांना हंगेरियनमध्ये ‘चपलांचे उमराव’ अशा अर्थाचं नाव होतं. आपल्याकडे पडका वाडा आणि वतनाचा कागद सांभाळून बसलेली घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना हा नमुना ओळखीचा वाटेल. पण या कागदामुळे रोमानियनांना जिल्ह्याच्या कारभारात पिढ्यान्‌पिढ्या पाय रोवायला जागा मिळाली. संख्येने दुप्पट असलेल्या रुथेनियनांकडे तो कागद फारसा नव्हता.

आता शिरगणतीच्या टेबलाशी बसू. हंगेरीत मातृभाषेचा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला १८८० साली. तेव्हा बोलता न येणाऱ्या तान्ह्या पोरांचा वेगळा रकाना होता. कारकुनी प्रामाणिकपणाचा हा नमुना मला फार आवडतो : मूल बोलत नाही, मग भाषा कशी लिहायची? पुढच्या वेळी तो रकाना गेला आणि पोरं आईबापांच्या भाषेत जमा झाली. १९१० च्या सूचनांत मातृभाषेची व्याख्या अशी की, जी भाषा माणूस आपली मानतो आणि सर्वांत चांगली व सर्वांत आवडीने बोलतो ती. पुढे खुलासाही होता : मुलाची मातृभाषा आईच्या भाषेहून वेगळी असू शकते, विशेषतः बालवाडीत किंवा शाळेत ते दुसरी भाषा शिकलं असेल तर. ‘मातृ’ या शब्दातून आईला इतक्या सफाईने बाजूला काढलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आणि शाळांत हंगेरियन सक्तीची झाली होती १८७९ साली.

समजा, इझा खोऱ्यातल्या एका गावात गणना करणारा माणूस खानावळवाल्याच्या दारात उभा आहे. बाहेर बर्फ, हातात प्रत्येक माणसाचं एकेक पत्रक. घरधनी बायकोशी यिदिश बोलतो, गिऱ्हाइकाशी रोमानियन, लाकूड घेऊन येणाऱ्याशी रुथेनियन, नोटरीशी मोडकीतोडकी हंगेरियन, आणि प्रार्थना हिब्रूत म्हणतो. धर्माच्या रकान्यात अडचण नाही, तिथे ‘इस्राएली’ लिहून मोकळं होता येतं. १८९५ च्या कायद्याने ज्यू धर्माला राज्यमान्य धर्मांच्या पंक्तीत बसवलंही होतं. भाषेच्या रकान्यापाशी लेखणी अडते. तो बोलतो ती भाषा यादीतच नाही. यिदिश ही जर्मनची बोली, बिघडलेली जर्मन, असं सरकारी मत. म्हणून ‘जर्मन’. डोंगरापलीकडे ऑस्ट्रियाच्या भागातही यिदिश यादीबाहेरच होती. तिथे गॅलिशियातले ज्यू बहुतेक पोलिश भाषक ठरले आणि शेजारच्या बुकोव्हिनातले जर्मन भाषक. एकाच बोलीची तीन माणसं, दोन-तीन दिवसांच्या वाटेवर राहणारी, दोन सरकारी भाषांत वाटली गेली.

खानावळवाल्याऐवजी सिगेत शहरातलं दार ठोठावलं असतं तर उत्तर बदललं असतं. जिल्ह्याचं ठाणं असलेल्या सिगेतची १९१० ची लोकसंख्या २१,३७०. त्यात हंगेरियन भाषक १७,५४२, रोमानियन २,००१, जर्मन १,२५७, रुथेनियन ५३२. आता हे लक्षात घ्या की शहरात एक तृतीयांशाहून जास्त लोक ज्यू होते. ते जर्मनच्या १,२५७ मध्ये मावत नाहीत. रोमानियन किंवा रुथेनियन रकान्यात ते जाण्याचं कारण नाही. राहिला हंगेरियन. म्हणजे तीच माणसं, त्याच पंथाची, खेड्यात जर्मन आणि शहरात हंगेरियन. हे सिगेत म्हणजे तैतेलबाउम रब्बींच्या घराण्याचं गाव. सात्मार हसिदी पंथाचे संस्थापक योएल तैतेलबाउम १८८७ साली इथेच जन्मले. आजही न्यूयॉर्कमध्ये त्यांचे अनुयायी घराघरात यिदिश बोलतात. शहरातल्या काही ज्यू कुटुंबांनी हंगेरियन मनापासून आपली केली होती, ते खरंच. पण साडेसतरा हजारांचा आकडा नुसत्या आवडीने झालेला नाही. राज्य हंगेरियन, शाळा हंगेरियन, दुकानाची पाटी हंगेरियन, समोर पत्रक धरून उभा असलेला माणूस हंगेरियन, आणि ज्याची खरी भाषा यादीत नाही त्याला निवड करायचीच आहे. तो बलवानाच्या बाजूचा रकाना निवडेल यात नवल काय? जिल्ह्याच्या ठाण्याचं गाव शेकडा ८२ हंगेरियन आहे असं तक्ता सांगतो, तेव्हा त्यातला बराच भाग असा जमलेला आहे.

ज्यू रकान्याबाहेर पडले. रुथेनियनांना रकाना होता, पण त्यातून हलायची मुभा नव्हती. हुस्तजवळचं इझा नावाचं खेडं (नदी वेगळी, गाव वेगळं) विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ग्रीक कॅथलिक पंथ सोडून ऑर्थोडॉक्स होऊ लागलं, म्हणजे पोपला न मानणारा, रशियातही चालणारा पूर्वेकडचा ख्रिस्ती पंथ धरू लागलं. कारणं अनेक : पाद्र्याला द्यायचं धान्य आणि वेठ यांचा राग, अमेरिकेतून परतलेल्यांनी आणलेली नवी हवा, रशियातून येणारी पुस्तकं आणि मदत. गावकऱ्याच्या लेखी प्रश्न देवाचा आणि पाद्र्याला द्यायच्या दक्षिणेचा होता. सरकारच्या लेखी ऑर्थोडॉक्स म्हणजे रशियाचा हस्तक. २९ डिसेंबर १९१३ रोजी सिगेतच्या न्यायालयात खटला उभा राहिला. आरोपी ९४, बहुतेक शेतकरी, आरोप राज्याविरुद्ध चिथावणीचा. साक्षीला रशियाच्या दुमाचे, म्हणजे संसदेचे, सदस्य काउंट बोब्रिन्स्की स्वतः आले, त्यामुळे युरोपभरच्या वर्तमानपत्रांचे बातमीदार या डोंगरी गावात जमले. ३ मार्च १९१४ ला निकाल लागला. ३२ जणांना शिक्षा झाली. त्यांचा पुढारी, भिक्षू अलेक्सी काबाल्युक, याला साडेचार वर्षं. महायुद्धाला तेव्हा पाच महिनेही उरले नव्हते. या जिल्ह्यात धर्म हा खासगी मामला कधीच नव्हता, पण सिगेतच्या निकालाने त्यावर न्यायालयाचा शिक्का बसला.

१९१८ मध्ये राज्य कोसळलं. जानेवारी १९१९ मध्ये यासिन्या या हुत्सुलांच्या, म्हणजे डोंगराळ भागातल्या रुथेनियनांच्या, गावात स्तेपान क्लोचुराक याच्या पुढाकाराने एक प्रजासत्ताक उभं राहिलं. त्याचे सैनिक सिगेतपर्यंत येऊन धडकले आणि रोमानियन फौजेने त्यांना मागे रेटलं. जूनमध्ये प्रजासत्ताकही संपलं. मग पॅरिसच्या शांतता परिषदेच्या टेबलावर नकाशे आले. हंगेरीने आपली बाजू मांडायला पाल तेलेकी यांचा प्रसिद्ध ‘लाल नकाशा’ नेला : हंगेरियन लाल, बाकीचे इतर रंगांत, आधार १९१० चीच शिरगणती. मातृभाषेचे आकडे सीमावादात पुरावा म्हणून कसे वापरतात हे बेळगाव-निपाणीकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

शेवटी तिसा नदी हीच बऱ्याच अंतरापर्यंत सीमा झाली. उत्तरेचा मोठा भाग चेकोस्लोव्हाकियाला, दक्षिणेचा भाग सिगेतसह रोमानियाला. नदी भाषा विचारून वाहत नाही. उत्तर काठावर आप्शा नावाची रोमानियन गावं राहून गेली, दक्षिणेकडे रुस्पोल्यानासारखी रुथेनियन गावं. सर्वांत मोठा विनोद रेल्वेचा. सिगेतला बाहेरून येणारा रेल्वेमार्ग नदीच्या उत्तर काठाने होता आणि तो काठ आता परदेश. रोमानियातून रोमानियातल्याच सिगेतला रेल्वेने जायचं तर चेकोस्लोव्हाकियातून जावं लागे. साल्व्हा ते विशो हा देशातून जाणारा मार्ग पुरा झाला १९४९ साली. मधली युद्धकाळातली चार वर्षं सोडली तर तीस वर्षं एका जुन्या जिल्ह्याचं ठाणं स्वतःच्या देशाशी परक्या रुळांनी जोडलेलं होतं.

नव्या राज्यांनी नवे रकाने आणले. चेकोस्लोव्हाकियाने शिरगणतीत ज्यू हे राष्ट्रीयत्व लिहायला मोकळीक दिली, आणि कार्पेथियन भागातल्या बहुतेक ज्यूंनी तेच लिहिलं. रोमानियाने १९३० मध्ये वंश, मातृभाषा आणि धर्म वेगवेगळे विचारले. मारामुरेश, हे जिल्ह्याचं रोमानियन रूप, तिथे रोमानियन ५७.९ टक्के, ज्यू २०.९, रुथेनियन-युक्रेनियन ११.९, हंगेरियन ६.९ आणि जर्मन २.०. हा जुन्या जिल्ह्याचा फक्त दक्षिण भाग, म्हणून १९१० शी थेट तुलना चालणार नाही. तरीही जर्मनांकडे बघा. वीस वर्षांत कोणी बोचकी बांधून जर्मनीला गेलं नव्हतं. यादीत एक शब्द वाढला, एवढंच. अर्थात नवं राज्यही भोळं नव्हतं. ज्यूंना वेगळं मोजलं की हंगेरियनांचा आकडा खाली येतो, हे प्राग आणि बुखारेस्टला चांगलं कळत होतं.

मार्च १९३९ मध्ये हंगेरीने उत्तरेचा भाग परत घेतला, ऑगस्ट १९४० मध्ये जर्मनी आणि इटलीने दिलेल्या व्हिएन्ना निवाड्याने दक्षिणेचाही. दक्षिण भागात वारमेद्ये परतली, फोइश्पान, अलिश्पान, सोल्गाबीरो सगळे परतले. आणि एक नवा प्रश्न आला. १९४१ च्या शिरगणतीत माणसाचा स्वतःचा धर्म पुरेसा नव्हता, आजी-आजोबांपैकी कोण ज्यू होतं हेही सांगायचं होतं. जो रकाना १९१० मध्ये मिळाला नव्हता तो आता मागे लागला. त्याच उन्हाळ्यात नागरिकत्वाचे कागद दाखवू न शकणाऱ्या हजारो ज्यूंना याच जिल्ह्यातल्या कोर्योश्मेझ्यो, म्हणजे यासिन्या, स्थानकातून सीमेपार हाकललं. वीस वर्षांत तीन राज्यं बघितलेल्या माणसाने कोणत्या कचेरीतून कोणता दाखला आणायचा? हाकललेल्यांपैकी बहुतेकांना ऑगस्टअखेर कामेनेत्स-पोदोल्स्क इथे जर्मनांनी गोळ्या घातल्या.

मे १९४४ मध्ये सिगेतचा घेट्टो रिकामा झाला. चार गाड्या, ऑशविट्झला. त्यांतल्या एकीत पंधरा वर्षांचा एली विझेल होता, पुढे १९८६ चा शांततेचा नोबेल मिळवणारा. हे काम जर्मनांच्या हुकमाने झालं, पण घरं रिकामी करणं, याद्या तपासणं, माणसं स्थानकापर्यंत चालवत नेणं हे जिल्ह्याच्या कचेरीने आणि हंगेरियन जांदार्मांनी, म्हणजे ग्रामीण पोलिसांनी, केलं.

युद्धानंतर उत्तरेचा भाग १९४५ च्या कराराने सोव्हिएत युक्रेनला गेला आणि आज युक्रेनच्या झाकारपात्या प्रांतात आहे. २००१ च्या युक्रेनी जनगणनेत त्या प्रांतात ३२ हजारांवर रोमानियन निघाले. हे बहुतांशी त्याच तिसाकाठच्या गावांतले, १९२० मध्ये ‘चुकीच्या’ काठावर राहिलेले. २०२० मध्ये युक्रेनने तालुके मोडून मोठे केले, तरी हुस्त, त्येचो आणि राहो (हे तिसाखोऱ्याच्या जुन्या तालुक्याचं ठाणं) ही गावं तालुक्याची ठाणी म्हणून टिकली. सिगेतला ते भाग्य नाही. तिथला १८९७ चा तुरुंग कम्युनिस्ट राजवटीने राजकीय कैद्यांसाठी वापरला, माजी पंतप्रधान यूलिऊ मानिऊ १९५३ मध्ये तिथेच वारले. आज ते संग्रहालय आहे. रोमानियाने १९६८ मध्ये जिल्हे पुन्हा आखले तेव्हा मारामुरेश जिल्हा नकाशावर परत आला. जिल्ह्याचं ठाणं मात्र बाया मारे, जे जुन्या मारामारोशात कधीच नव्हतं. १९१० च्या तक्त्यात ते शेजारच्या सात्मार जिल्ह्याच्या पानावर सापडतं.